यवतमाळची माफी

पक्षात गेलेली पत जाहीर माफीने परत येते का, हा वाद निघाला की मी २४ जानेवारी १९७८ ची यवतमाळची सभा काढतो. आणीबाणीतल्या अतिरेकांबद्दल इंदिराबाईंनी तिथे खेद व्यक्त केला आणि जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. मी तेव्हा बूथवर चिठ्ठ्या वाटणारं पोट्टं होतो. खेड्यात गेलं की पहिला प्रश्न नसबंदीचा यायचा, आणि आम्ही खाली पाहायचो. सभेनंतर निदान एवढं म्हणता आलं, "बाईंनी कबूल केलं ना!"

पण ती माफी कुणापुढे होती, तेही पाहिलं पाहिजे. मार्च १९७७ मध्ये त्या रायबरेलीत पडल्या. जानेवारी १९७८ च्या आरंभी काँग्रेस फुटली: एकीकडे इंदिरा काँग्रेस, दुसरीकडे रेड्डी काँग्रेस. त्याच महिन्यात दिल्लीत आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे शपथ घेऊन साक्ष द्यायला त्यांनी साफ नकार दिला. आयोगापुढे नकार आणि यवतमाळात खेद! आयोगाच्या हातात मतं नव्हती. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली होती.

निकालात जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि जेमतेम दोन महिन्यांच्या इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. रेड्डी काँग्रेसचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, पण इंदिरा गटाच्या नाशिकराव तिरपुड्यांना उपमुख्यमंत्री करूनच. ज्यांच्याशी काडीमोड झाला, त्यांनाच बाईंच्या माणसांना शेजारी बसवावं लागलं. १९८० मध्ये तर ३५३ खासदार घेऊन त्या दिल्लीत परतल्या. पक्षात परत घ्या म्हणून त्यांना कुणाची मनधरणी करावी लागली नाही. त्या असतील तोच पक्ष ठरला.

उलट फुटीत बाईंच्या विरुद्ध बाजूला राहिलेल्या यशवंतराव चव्हाणांचं पाहा. १९८० च्या लाटेतही त्यांनी सातारा राखला, पण मागे फौज उरली नव्हती. इंदिरा काँग्रेसमध्ये परतायचं ठरवल्यावर एवढ्या मोठ्या माणसाला दाराशी ताटकळावं लागलं.

त्याच यशवंतरावांच्या कराडच्या समाधीपाशी एप्रिल २०१३ मध्ये अजित पवार दिवसभर आत्मक्लेशाला बसले. दुष्काळात धरणातल्या पाण्यावरून इंदापूर तालुक्यात केलेलं वक्तव्य अंगाशी आलं होतं. माफी आधीच मागून झाली होती. उपमुख्यमंत्रिपद शाबूत राहिलं. पुढच्या वर्षी विधानसभेत राष्ट्रवादी ६२ वरून ४१ जागांवर आली, तरी बारामतीने त्यांना दणक्यात निवडून दिलं आणि पक्षातलं त्यांचं वजन होतं तसंच राहिलं. ते वजन बारामतीचं होतं, आत्मक्लेशाचं नव्हे.

म्हणून मला एवढंच कळतं: माफीमुळे कार्यकर्त्याला दारात उभं राहायला तोंड मिळतं. पक्ष मात्र त्या दारातून किती मतं निघाली तेवढंच मोजतो.