शिखर आणि साधन

आमच्याकडे मनुष्य डोंगर चढतो तो देवदर्शनासाठीं, गडकोट पाहण्यासाठीं किंवा पोटासाठीं. यांपैकीं एकही कारण नसतां उभ्या कड्याशीं झुंजण्यांत आयुष्य वेंचणारा पुरुष प्रथमदर्शनीं वेडा वाटावा यांत नवल नाहीं. इटलीचा गिर्यारोहक वॉल्टर बोनाती (१९३०–२०११) याचें चरित्र पाहतांना आम्हांसही आरंभीं तसेंच वाटलें. परंतु लवकरच ध्यानांत आलें कीं, या वेडाला एक कडक शिस्त होती.

बेर्गामो येथें जन्मलेला आणि महायुद्धाच्या काळांत वाढलेला हा मुलगा पोलादाच्या कारखान्यांत नोकरी करी व सुटी मिळतांच डोंगर गांठी. पुढें पर्वतांतील वाटाड्याचा परवाना मिळवून त्यानें तोच आपला व्यवसाय केला. तथापि व्यवसाय झाला म्हणून वाटेल त्या उपायानें शिखर गांठणें त्यास मान्य नव्हतें. गुळगुळीत कातळाला भोंक पाडून त्यांत खिळा ठोकीत गेलें, तर कोणताही कडा चढतां येतो. हें साधन बोनातीनें कटाक्षानें वर्ज्य केलें. अशक्य असें कांहीं उरूंच दिलें नाहीं, तर मनुष्याच्या सामर्थ्याची कसोटी लागणार कोठें, असा त्याचा विचार होता.

या माणसाची खरी परीक्षा मात्र कड्यावर झाली नाहीं. १९५४ सालीं काराकोरममधील के-टू (८,६११ मीटर) या शिखरावर निघालेल्या इटालियन मोहिमेंत चोवीस वर्षांचा बोनाती वयानें सर्वांत लहान होता. ३० जुलै रोजीं तो आणि हुंझा प्रांतांतील हमाल अमीर मेहदी हे पुढच्या जोडीसाठीं प्राणवायूच्या नळ्या घेऊन निघाले. ठरलेल्या जागीं तंबू नव्हता. तो अधिक वर, आडबाजूस उभारला होता. अंधार पडला. हांकांना उत्तर आलें तें एवढेंच, कीं नळ्या तेथेंच ठेवून खालीं जावें. त्या काळोखांत खालीं उतरणें म्हणजे मरण. म्हणून सुमारें ८,१०० मीटर उंचीवर, बर्फांत खोदलेल्या बैठकीवर, तंबूवांचून त्या दोघांनीं रात्र काढली. दुसऱ्या दिवशीं लाचेदेल्ली व कोंपान्योनी यांनीं त्याच नळ्यांच्या बळावर शिखर जिंकलें. मेहदीला पायांचीं बोटें गमवावीं लागलीं.

राष्ट्राच्या जयघोषांत ही रात्र झांकली गेली. इतकेंच नव्हे, तर दहा वर्षांनीं एका वृत्तपत्रानें आरोप केला कीं, बोनातीनेंच तो प्राणवायु वापरला. वस्तुतः मुखवट्यांवांचून नळ्या निरुपयोगी, आणि मुखवटे तर वरच्या जोडीपाशीं होते! बोनातीनें न्यायालयांत दाद मागितली व तो खटला जिंकला. तरी अधिकृत वृत्तांत बदलेना. अखेर २००४ सालीं इटलीच्या गिर्यारोहण संघानें तिघां जाणत्यांची समिति नेमली आणि पुढें बोनातीचें म्हणणें ग्राह्य धरलें. तोंवर त्यानें सत्तरी ओलांडली होती आणि मेहदी हयात नव्हता.

दरम्यान तो स्वस्थ बसला नव्हता. १९५५ सालीं आल्प्समधील पेती द्रूचा उभा स्तंभ तो एकटा सहा दिवसांत चढला. १९६१ सालीं माँ ब्लाँच्या फ्रेनी स्तंभावर वादळांत सांपडून सात जणांपैकीं चौघे दगावले. शिस्तीनें मृत्यु टळतोच असें नाहीं, हें त्यास पुरतें ठाऊक होतें. १९६५ च्या फेब्रुवारींत, मॅटरहॉर्नच्या पहिल्या आरोहणाच्या शताब्दीच्या वर्षीं, त्याच्या उत्तर कड्यावर एकट्यानें, ऐन हिवाळ्यांत, नवी वाट काढून त्यानें कठीण आरोहणास रामराम ठोकला व तो दूरदेशींचा वृत्तांत लिहूं लागला.

आम्हांस असें वाटतें कीं, खिळा नाकारणारा बोनाती आणि पन्नास वर्षें एका रात्रीचें सत्य सांगत राहणारा बोनाती हे दोन नव्हेत. साध्य हातीं आलें म्हणजे साधनाची विचारपूस कोणी करीत नाहीं, हा जगाचा सामान्य न्याय. तो या वाटाड्यानें कड्यावरही मानला नाहीं आणि कड्याखालींही मानला नाहीं.