गिरणगावातील रात्रशाळा व आपले कर्तव्य

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पाककृती व भरतकामाचे नमुने देणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत, आणि माझे शिक्षण तर सातवीपर्यंतचे. परंतु मागाहून मनात आले की, ज्या चाळींत आपण संसार थाटले त्या गिरणगावात मुले कशी शिकली व त्यांना काम कसे मिळाले, ही हकीकत आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावयास हवी. म्हणून काही वाचून व काही घरच्या वडीलमाणसांकडून ऐकून हे लिहीत आहे. चूकभूल झाल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली व १८५६ साली ताडदेव येथे ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा या भागांत गिरण्यांच्या चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. काम करावयास माणसे आली ती नाना मुलखांतून. रत्नागिरीकडची कोकणी माणसे आली, सातारा-पुण्याकडची घाटावरची आली, तेलंगणातील पद्मशाली विणकर आले, उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान जुलाहे येऊन मदनपुऱ्यात राहिले. भाषा निराळी, देव निराळे, जेवणाची चव निराळी. परंतु भोंगा सर्वांना एकच.

आता या माणसांना काम कसे मिळे ते ऐका. गिरणीच्या दारात अर्ज देऊन कोणी कामाला लागत नसे. काम मिळे ते ओळखीने. प्रत्येक खात्यावर जॉबर असे. तो आपल्या गावचा, नात्याचा, जातीचा माणूस पाहून भरती करी. बायकांच्या खात्यावर नायकीण असे व ती कांडी भरण्याच्या कामावर बायका आणी. यामुळे झाले काय, की एकेका खात्यात एकेका समाजाची माणसे जमली. पोराने काय काम शिकावे हे त्याच्या हुशारीवर ठरत नसे. त्याच्या ओळखीचा जॉबर कोणत्या खात्यात आहे यावर ठरे.

ज्यांना ओळख नव्हती, किंवा ज्यांची ओळख कोणी घेऊ इच्छीत नव्हते, त्यांचे हाल फार. साळखाते, म्हणजे विणाईचे खाते, यात पगार अधिक होता. परंतु त्या खात्यात अस्पृश्य समाजाच्या माणसाला घेत नसत. कारण असे की, धोट्यात नवी कांडी घातली म्हणजे तिचा धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. तेवढ्यावरून विटाळाचे निमित्त काढून शेकडो घरांचा अधिक पगार अडवून ठेवला गेला. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. माझे मामंजी साळखात्यातच होते. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती, हे मी येथे लिहिले पाहिजे.

ओळखीची ही वाट अशी अरुंद. १९३५ सालापासून बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली व त्यामुळे जॉबरचा हात थोडा आखडला, तरी ओळखीचे महत्त्व गेले नाही. मग दुसरी वाट कोणती? ती शाळेची. परंतु शाळेसाठी आधी वेळ हवा, आणि वेळ तर गिरणी खाऊन टाकी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणि लहान मुलांचे ७ तासांवर आले. लहान मुले म्हणजे किती लहान, तर नऊ वर्षांपासूनची! १९२२ साली मोठ्या माणसांचे आठवड्याचे तास ६० झाले व मुलांना बारा वर्षांच्या आत घेऊ नये असे ठरले. पुढे १९३४ साली ५४ तास व १९४८ च्या कायद्यात ४८ तास झाले. जसजसे हे तास कमी झाले, तसतशी संध्याकाळ मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या संध्याकाळीच रात्रशाळा उभी राहिली.

रात्रशाळेची कल्पना मुंबईची नव्हे. पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत हे काम नेटाने झाले ते १९११ पासून. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजातील ना. म. जोशी यांनी त्या साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. या संस्थेने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालविल्या. पुस्तके पेट्यांत भरून ती वस्तीवस्तीत वाचावयास पाठविण्याची फिरती वाचनालयेही चालविली. आपण वाचनालयात जात नाही, तर वाचनालय आपल्याकडे येईल, ही युक्ती मला फार आवडली. अशा कामांना हात देणारे पुष्कळजण दिवसा आपली नोकरी करून संध्याकाळी सेवेला येत. परळचा दामोदर हॉल आपण सर्वजणी जाणतोच. तो १९२२ सालचा, व लीगची शाळा त्याच्या शेजारीच.

रात्रशाळेचा मला वाटणारा मोठा गुण असा. गिरणीत खाती वेगळी, चाळीत मजले वेगळे, गावकीच्या खोल्या वेगळ्या; परंतु रात्रशाळेच्या बाकावर शेजारी कोण बसेल हे जॉबर ठरवीत नसे. तेथे अक्षर ओळखता येते की नाही, एवढीच ओळख विचारली जाई.

या शाळेच्या वाटेने माणूस कोठे पोहोचतो, याची दोन उदाहरणे आपल्याच भागातील आहेत. बाबासाहेबांनी परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. एवढे शिकून आल्यावरही परळच्या बी. आय. टी. चाळीत ते पुष्कळ वर्षे राहिले. मुंबईत त्यांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी ठेवले. का, तर नोकरी करणाऱ्या मुलांना कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे म्हणून. वेळेचा प्रश्न ज्याने भोगला त्यालाच तो सुचला. दुसरे कवी नारायण सुर्वे. एका गिरणी कामगाराने त्यांना अनाथ स्थितीत उचलून आणले व वाढविले. सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, आणि पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास होऊन महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ साली निघाला.

भगिनींनो, येथे मी थोडी थांबले. त्या काळी सातवी पास झालेला माणूस मास्तर होत असे. आज सातवी पास झालेल्या बाईला दुकानात हिशेबाचे कामही कोणी देत नाही. शिडी तीच आहे. परंतु पहिली पायरी वर सरकली आहे. म्हणून वडिलांनी जेवढे शिकून पोट भरले तेवढ्यात मुलाचे भागेल, असे कोणी समजू नये.

हे सत्य आपल्या भागाला फार कठीण रीतीने शिकावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. ज्यांच्या हातात वीस-वीस वर्षांचे कसब होते त्यांच्याजवळ ते सांगणारा कागद नव्हता. जॉबरची ओळखही संपली, कारण जेथे लावावयाचे ती गिरणीच बंद. आमच्या माहेरचे बिऱ्हाड त्याच वेळी गावी गेले. गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा दूर. म्हणून माझे शिक्षण तेथे थांबले. यात कोणाला दोष देत नाही. अशा कितीतरी मुली त्या वर्षांत थांबल्या.

त्या दिवसांत घरे तगविली ती पुष्कळ ठिकाणी बायकांनी. आमच्या सासूबाई खानावळ चालवीत. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालीत व हिशेब दाराच्या फळीवर खडूच्या रेघांनी ठेवीत. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तेच आजचे लिज्जत. बाईजवळ कसब होतेच. कमी होते ते बँकेच्या दारापर्यंत सोबत करणारे कोणीतरी. ती सोबत मिळाली आणि काम उभे राहिले.

परंतु रात्रशाळेविषयी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. ती शाळा बहुतेक पुरुषांची राहिली. तिची वेळ संध्याकाळची, आणि संध्याकाळ म्हणजे बाईची चुलीची वेळ. नवरा पाटी घेऊन निघाला तर त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवणारी मागे कोणीतरी होतीच. तिने कधी शिकावे, हा विचार वेळापत्रक करणाऱ्यांच्या मनात फारसा आला नाही.

आता आजचे बोलते. आपल्या चाळीत कोकणी आहेत, घाटावरचे आहेत, बौद्ध आहेत, तेलुगु, गुजराती, उत्तरेकडचे व मुसलमान शेजारीही आहेत. गिरण्यांच्या जागी मोठमोठ्या कचेऱ्या व दुकाने झाली आहेत, आणि आपली मुले त्यांच्या दारात पहारा करतात किंवा पुडकी पोचवितात. ते काम हलके नव्हे. परंतु आत टेबलापाशी बसण्याची वाटही त्यांना ठाऊक असावी. ती वाट आहे. दहावी नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसता येते. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी देता येते. आयटीआयमध्ये हातचे काम शिकता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. मुंबईत रात्रशाळाही अजून चालू आहेत.

मग अडते कोठे? गेल्या वर्षी आपल्याच मजल्यावरील एक आई मंडळात आली. मुलाची अर्जाची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. तिला कोणी सांगितलेच नव्हते. वर्ष फुकट गेले. त्या दिवशी मला वाटले की, जॉबर गेला तरी ओळखीची गरज गेलेली नाही. कोणता अर्ज, कोणती तारीख, कोणता कागद, हे सांगणारे माणूस हवे. फरक एवढाच की, ही ओळख आपल्या गावच्यालाच न लागता सर्वांना लागावी.

तेव्हापासून आपण दर शनिवारी दुपारी २ ते ४ मंडळाच्या खोलीत एक टेबल मांडतो, हे आपणांस माहीत आहेच. वेळ मुद्दाम दुपारची ठेविली, म्हणजे बायकांना येता येते. कॉलेजात जाणारी आपली मुलेमुली अर्ज भरून देतात. आपण तारखांची वही ठेवतो व ज्यांना कचेरीत जाण्याचा धीर नाही त्यांच्याबरोबर जातो. यास पैसा फारसा लागत नाही. लागते ते येणे. तिसऱ्या शनिवारी पाऊस होता तेव्हा टेबलापाशी मी एकटीच होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना आहे व तिच्यावर मतभेद आहेत. हळदीकुंकवाला दरवर्षी आपण स्टीलच्या वाट्या वाण म्हणून देतो. त्या पैशांतून या वर्षी गरजू मुलांची परीक्षेची फी भरावी, असे काही जणींचे म्हणणे आहे. काही जणी म्हणतात की, सवाष्णीचे वाण मोडू नये. दोघींचेही म्हणणे मनापासूनचे आहे. मला एवढेच सुचवावयाचे आहे की, वाणाला सुपारी व फूल द्यावे, आणि वाटीचे पैसे फीला द्यावेत. वाटी ज्या घरी गेली त्याच घरी राहते. फीचा लाभ मात्र ज्या घरी आपण हळदीकुंकवाला बोलावीत नाही त्या घरालाही होईल. विधवा भगिनीच्या मुलाला होईल, मुसलमान शेजारणीच्या मुलीला होईल.

शेवटी एक सांगते. या वर्षीचा १७ नंबरचा पहिला अर्ज मी स्वतः भरणार आहे. गणिताची भीती वाटते. आपल्यापैकी आणखी दोघी-तिघी आल्या तर शनिवारी दुपारी मिळून अभ्यास करू. चहा माझ्याकडून.