जवळपास सारख्या अक्षरांचा माग

डीएनएमध्ये जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं, त्या जागेला प्रमोटर म्हणतात. १९७५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड प्रिब्नाव यांनी जीवाणू आणि विषाणूंमधले मोजके प्रमोटर एकाखाली एक मांडून पाहिले. वाचनाच्या आरंभापासून सुमारे १० अक्षरं मागे सगळीकडे टी-ए-टी-ए-ए-टी या सहा अक्षरांशी जुळणारा तुकडा सापडला. कुठे एक अक्षर वेगळं होतं, कुठे दोन. तरी पेशीतलं वाचन करणारं एन्झाइम ती जागा बरोबर हुडकत होतं.

ही सैल जुळणीच पुढच्या सगळ्या गणिताची खरी अडचण ठरली. तंतोतंत शब्द शोधणं संगणकाला सोपं. पण प्रत्येक वेळी थोडा बदलून येणारा शब्द कसा शोधायचा?

१९८२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॅरी स्टॉर्मो आणि सहकाऱ्यांनी ‘जुळतं की नाही’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांनी एक तक्ता मांडला: प्रत्येक स्थानावर ए, सी, जी, टी यांतल्या प्रत्येक अक्षराला वेगळं वजन. तुकड्याची वजनं मिळवायची आणि बेरीज पुरेशी भरली तर ती जागा खरी मानायची.

पण तक्ता करायला आधी जागा माहीत हव्यात. त्या माहीत नसतील तर? स्टॉर्मो आणि हार्टझेल यांनी १९८९ मध्ये सीआरपी हे प्रथिन डीएनएला जिथे चिकटतं, त्या जागा ई. कोलाय जीवाणूच्या डीएनएच्या १८ तुकड्यांत शोधल्या. तुकडा १०५ अक्षरांचा आणि जागा २२ अक्षरांची धरली, तर शक्य मांडण्यांची संख्या ३५ अंकी होते. म्हणून त्यांनी एकेक तुकडा जोडत जाऊन फक्त उत्तम जुळण्या पुढे नेल्या.

१९९३ मध्ये चार्ल्स लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी गिब्ज सॅम्पलिंगची वाट धरली. आधी प्रत्येक तुकड्यात वाटेल ती जागा निवडायची. मग एक तुकडा वगळून उरलेल्यांवरून तक्ता करायचा आणि त्याच्या वजनांनुसार वगळलेल्या तुकड्यात नवी जागा चिठ्ठी टाकून ठरवायची. दर वेळी सर्वोत्तमच जागा घेतली, तर शोध चुकीच्या उत्तरात अडकू शकतो. चिठ्ठीमुळे त्यातून सुटायची संधी मिळते. हेच पुन्हा पुन्हा करत गेलं की खरा नमुना ठळक होतो. पुढच्याच वर्षी असेच नमुने शोधणारा बेली आणि एल्कन यांचा ‘मीम’ हा प्रोग्राम आला. संशोधक तो आजही वापरतात.

२००० मध्ये पावेल पेव्हझ्नर आणि सिंग-होई झे यांनी या पद्धतींची परीक्षाच घेतली. ६०० अक्षरांच्या २० ओळी, प्रत्येकीत १५ अक्षरांचा एकच नमुना लपवलेला आणि त्याची ४ अक्षरं बदललेली. म्हणजे दोन प्रतींत ८ अक्षरांपर्यंत फरक. इथे तेव्हाचे नावाजलेले प्रोग्राम अडखळले. मग या दोघांनी फार फरक नसलेले तुकडे रेषांनी जोडून आलेख काढला आणि सगळे एकमेकांशी जोडलेले असतील असा गट त्यात शोधला.

२००५ मध्ये मार्टिन टॉम्पा आणि सहकाऱ्यांनी असे १३ प्रोग्राम माणूस, उंदीर, फळमाशी आणि यीस्ट यांच्या डीएनएवर तपासले. सगळ्यांचंच यश तोकडं होतं, त्यातल्या त्यात यीस्टमध्ये बरं. एकाच प्रोग्रामवर विसंबू नका, दोन-चार मिळून वापरा, असा सल्ला त्यांनी जीवशास्त्रज्ञांना दिला.