धांदरट, वांड, आळशी: एका आजाराच्या नावाचा प्रवास

खरिपाचा पीकविमा भरायची मुदत बहुधा जुलैअखेर असते. त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या ओपीडीत पित्त, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन काही माणसं येतात. बोलता बोलता कळतं की सोयाबीनचा विमा भरायचा राहून गेलाय. सातबारा काढून ठेवलेला, पासबुकाची झेरॉक्स खिशात, तरी अर्ज गेला नाही. "कळतं सगळं, डॉक्टर. पण चार कामं एकदम अंगावर आली की काहीच सुचत नाही. मग मी नुसता बसून राहतो."

घरचे याला आळस म्हणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मीसुद्धा "जरा मन लावून करत जा" एवढंच सांगून बीपी तपासत असे. आमच्या एमबीबीएसच्या काळात एडीएचडी हा बालरोगाच्या पुस्तकातला एक छोटा परिच्छेद होता, आणि मूल मोठं झालं की हे आपोआप जातं, असंच आम्ही शिकलो होतो. अनेकांच्या बाबतीत ते जात नाही. धावपळ, चुळबुळ कमी होते. विसरणं, काम सुरूच न होणं आणि भांबावून जाणं मागे उरतं.

हा मोबाइलच्या जमान्यातला नवा आजार आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने एका गोष्टीवर लक्ष टिकवू न शकणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत ४३ मुलांची माहिती दिली. त्यांतल्या अनेकांची बुद्धी ठीक होती, पण स्वतःवर ताबा राहत नव्हता. स्टिल यांनी त्याला 'नैतिक नियंत्रणातला दोष' म्हटलं. हा 'नैतिक' शब्द फार महागात पडला असं मला वाटतं. वैद्यकशास्त्राने तो कधीच सोडला, पण आपल्या घराघरांत तो अजून नांदतोय.

१९३७ ची गोष्ट तर गमतीची आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढण्यासाठी पाठीतून पाणी काढत, आणि त्यानंतर मुलांची डोकी फार दुखत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीला काही विशेष फरक पडला नाही, पण ३० पैकी जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलं त्याला गणिताची गोळी म्हणू लागली. पुढे १९४४ मध्ये मिथाइलफेनिडेट तयार झालं. आजही ते प्रमुख औषधांपैकी एक आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. १९८० मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने चुळबुळीपेक्षा लक्षाला महत्त्व दिलं, आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष स्पष्ट झाले. म्हणजे मोठ्या माणसांना हे निदान नीट मिळू लागलं ते अगदी अलीकडे.

औषधाचा इतिहास हा असा बाहेरचा आहे. सवयी लावण्याचा मात्र एक धडा आपल्याच मातीत सापडतो, आणि मी रुग्णांना तोच सांगतो.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुलं तिथपर्यंत येईनात. ताराबाईंनी मुलांना शिस्त लावायच्या मागे न लागता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. आज तो आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागचा विचार विसरलोय.

इथे एक सांगायला हवं. त्या मुलांना एडीएचडी नव्हता. त्यांची अडचण दारिद्र्याची आणि कामाची होती. पण मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलाजवळ न्यावी, ही युक्ती तुमच्या सवयींनाही लागू पडते. बीपीची गोळी कपाटात ठेवाल तर ती विसरणारच. ती चहाच्या डब्याला चिकटवून ठेवा, कारण चहा तुम्ही विसरत नाही. कागदपत्रांची पिशवी ट्रंकेत नको, दाराच्या खिळ्याला हवी. रोज पाच किलोमीटर चालायचा संकल्प करू नका. जेवण झालं की चप्पल घालून कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन या, इतकंच. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी पुन्हा लिंबापर्यंत. राहिलेल्या दिवसांची भरपाई करायला गेलात की सगळंच सुटतं, हे मी कितीदा पाहिलंय.

आणि डोक्याचा पार गोंधळ उडेल तेव्हा? डोक्यात फिरणारी सगळी कामं कागदावर उतरवा. त्यातलं एकच निवडा, त्याचीही पहिली पायरीच: अर्ज भरणं नको, सेतू केंद्रात किती वाजता जायचं ते ठरवणं. शेजारी कुणाला तरी बसवा. त्याने मदत केली नाही तरी चालेल, त्याचं नुसतं असणंही पुष्कळांना पुरतं. बायकोने किंवा भावाने मात्र त्या वेळी "किती वेळा सांगितलं" हे वाक्य गिळावं. भांबावलेल्या माणसावर तो आणखी एक बोजा होतो.

हे वाचून स्वतःच निदान करू नका. थायरॉइड, रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडणारी झोप, नैराश्य, दारू यांनीही माणूस असाच विसरभोळा होतो. ते आधी तपासायला हवं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येतं, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा. शक्य असेल तर आईला किंवा थोरल्या बहिणीला सोबत न्या. ही लक्षणं बारा वर्षांच्या आत होती का, हे डॉक्टर विचारतील, आणि ते तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आठवत असेल.