हिमसागरासाठीं नौका कशी निवडावी?

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव समुद्रापासून दोनशें मैलांहून अधिक दूर आहे; तरीहि जुन्या सागरी व्यापाराच्या इतिहासांत त्याचें नांव आढळतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेलें, 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध असलेलें, एक सागरी टिपण उपलब्ध आहे. त्यांत तेरला तगर म्हटलें असून, तेथील जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलुखांतून भडोच बंदराकडे जात असे, असें सांगितलें आहे. भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या सागवानाचाहि त्यांत उल्लेख आहे. आणि ऐन पावसाळी वारा धरून हिंदुस्थानाकडे येणें धोक्याचें, पण जवळचें, हा अनुभवहि नमूद आहे. तगरच्या व्यापाऱ्यानें जें तारूं उभ्या जन्मांत पाहिलें नसेल, त्याच्या फळ्यांवर त्याच्या मालाचें भवितव्य अवलंबून असे. कोणत्या समुद्रासाठीं कोणतें तारूं विश्वासाचें, हा प्रश्न असा दोन हजार वर्षांचा जुना आहे.

आज या प्रश्नाच्या सर्वांत कठोर रूपाचा आपण विचार करूं. ध्रुवप्रदेशाच्या समुद्रांत लहानशी शिडाची नौका न्यावयाची असेल, तर ती कशी असावी? हा विषय युरोपांतील साहसवीरांचा. आपला त्याच्याशीं संबंध तो काय, असें कोणी म्हणेल. पण ज्या एका छोट्या नौकेनें या प्रश्नाचें फार बोलकें उत्तर दिलें, ती मुंबईच्या कुलाब्यांत, येथल्याच सुतारांच्या हातून, सागवानाची बांधली गेली होती. तिची हकीकत सांगण्यापूर्वीं बर्फ नौकेचें काय करतो, तें पाहिलें पाहिजे.

वादळाची लाट येते आणि निघून जाते. बर्फ मात्र दाबीत राहतो. शॅकल्टनचें 'एन्ड्युरन्स' हें जहाज जाड आणि उत्तम लांकडांचें होतें. अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रांत तें बर्फांत सांपडलें, आणि १९१५ सालीं त्याचा चुराडा होऊन तें बुडालें. उलट नान्सेनसाठीं नॉर्वेंतील कॉलिन आर्चर यानें बांधलेलें आणि १८९२ सालीं पाण्यांत सोडलेलें 'फ्राम' पाहा. आर्चरनें त्याचा तळ वाटोळा ठेवला. हेतु हा कीं दोन्ही बाजूंनीं दाब आला म्हणजे जहाज चिरडलें न जातां वर उचललें जावें. १८९३ ते १८९६ पर्यंत तें बर्फाबरोबर वाहत गेलें आणि सुखरूप बाहेर पडलें. पुढें अमुंडसेननें आपल्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत तेंच जहाज नेलें. दोन्ही जहाजें मजबूतच होतीं. पण एकाच्या घाटानें बर्फाला निसटती बाजू दिली, दुसऱ्याच्या घाटानें दिली नाहीं.

याच आर्चरनें नॉर्वेच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बचावासाठीं लहान शिडाच्या नौका आखल्या. पुढचें व मागचें अशीं दोन्ही टोकें निमुळतीं, पोट रुंद, तळाला लांब कणा, आणि त्या कण्याच्या पाठीशीं जखडलेलें सुकाणूं, असा त्यांचा घाट होता. मागून येणारी लाट निमुळत्या टोकावर दुभंगते. आणि सुकाणूं कण्याच्या आडोशाला असल्यामुळें पाण्यांतील बर्फाचा खंड त्यावर सरळ आदळत नाहीं. अमेरिकेंतील विल्यम ॲटकिन यानें पुढें त्याच घाटावरून सुमारें बत्तीस फुटी नौकेचा 'एरिक' हा आराखडा तयार केला.

हाच आराखडा मुंबईस आला. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनींतील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें कुलाब्यांत त्यावरून आपली नौका बांधून घेतली. वाकसानें तासून, सामत्यानें भोकें पाडून कारागिरांनीं ती उभी केली, आणि १९६४ सालीं ती पाण्यांत उतरली. अरबी आखातांतील आग्नेय वाऱ्याच्या नांवावरून तिला 'सुहैली' हें नांव मिळालें. सागवानाची निवड कांहीं योगायोगाची नव्हती. त्यांतील नैसर्गिक तेलामुळें कीड लवकर लागत नाहीं, आणि ओकच्या लांकडांत जसे लोखंडी खिळे खातात तसे सागवानांत खात नाहींत. मुंबईच्या वाडिया घराण्यानें हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें होतें. त्यांनीं १८१७ सालीं बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें युद्धजहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यांत उभें आहे.

पृथ्वीप्रदक्षिणेचा बेत ठरला तेव्हां मात्र नॉक्स-जॉन्स्टनला सुहैली नको होती. नवी, मोठी, पोलादी नौका बांधावी असें त्याच्या मनांत होतें. पण पैसा जमेना. नाइलाजानें तो १४ जून १९६८ रोजीं सुहैलीवरूनच फालमथहून निघाला. अटलांटिकमध्येंच तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें. त्यानें पाण्यांत बुड्या मारून सांध्यांत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. दक्षिणेच्या महासागरांत लाटेनें नौका आडवी केली. पिण्याचें पाणी नासलें. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणूं धरणारें यंत्र निकामी झालें. तरीहि ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, कोठेंहि न थांबतां तो एकटा परत आला. शर्यतींत नऊ जण उतरले होते. ती पुरी करणारा तो एकच.

पुढें १९९१ सालीं गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन यांना बरोबर घेऊन त्यानें हीच नौका ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर नेली. ज्या उत्तरेच्या समुद्रासाठीं आर्चरनें हा घाट घडविला, त्या उत्तरेला कुलाब्याचें सागवान असें जाऊन पोहोंचलें.

आज ध्रुवप्रदेशाकडे जाणारे बहुतेक दर्यावर्दी पोलाद किंवा ॲल्युमिनियम पसंत करतात, आणि त्याला कारण आहे. बर्फाचा तडाखा बसला तर धातूचा पत्रा बहुधा चेपतो, फुटत नाहीं. कांचतंतूचा थर तडकतो किंवा बर्फाच्या धारेनें खरवडला जातो. पण पोलादाला गंज चढतो, वजन फार होतें, आणि थंडींत त्याच्या आंतल्या अंगाला दंव धरतें. निर्दोष असा पदार्थ नाहींच. म्हणून निवड करणाऱ्यानें पुढील गोष्टी पाहाव्या: सुकाणूं संरक्षित आहे काय, डोलकाठी साधी व भक्कम आहे काय, शीतकाळीं पुरेल इतकें अन्न, इंधन आणि ऊब यांची सोय आहे काय, आणि मोडलेली वस्तु बंदराच्या मदतीवांचून दुरुस्त करतां येईल काय.

हीच परंपरा गोव्यांत पुढें चालली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं डच आराखड्यावरून छप्पन्न फुटी 'म्हादेई' नौका बांधली. तिचें अंग सीडर लांकडाचें, वर कांचतंतूचा थर. १९ ऑगस्ट २००९ रोजीं नौदलाचे दिलीप दोंदे तीतून मुंबईहून एकटे निघाले, आणि केप हॉर्नला वळसा घालून मे २०१० मध्यें परतले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. बांधणीच्या आधीं त्यांनीं नॉक्स-जॉन्स्टन यांचा सल्ला घेतला होता.

दांडेकरांनींच पुढें सुहैलीची प्रतिकृति म्हणून 'तुरीया' बांधली. सप्टेंबर २०१८ मध्यें दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत तिची डोलकाठी मोडली, आणि नौदलाचे अभिलाष टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन आंत अडकून पडले. फ्रेंच नौकेनें त्यांची सुटका केली. घाट तोच, कारागीर निष्णात, नाविक अनुभवी; तरी समुद्रानें आपलें म्हणणें खरें केलें. मात्र मदत येईपर्यंत ती नौका तरंगत राहिली, हेंहि विसरतां कामा नये.

सुहैली सर्वांत वेगवान नव्हती, सर्वांत नवीहि नव्हती. तिला पाणी लागलें, तिचीं यंत्रें मोडलीं. पण तिच्यांत जें जें बिघडलें, त्यांतलें प्राणाशीं गांठ घालणारें सर्व एका माणसाला आपल्या दोन हातांनीं सांवरतां आलें. हिमसागरासाठीं नौका निवडतांना न मोडणारी नौका शोधूं नये, कारण तशी नौका कोणीच बांधलेली नाहीं. मोडल्यावर जिला तिचा नाविक सांधूं शकतो, आणि जी तोंवर त्याला पाण्यावर धरून ठेवते, तीच नौका निवडावी.