कचेरीच्या खिडकीत उरलेला कायदा

कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत विवाहाच्या कायद्यावर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. बोनस, हजेरी, महागाई भत्ता हे आमचे विषय. शाळा आम्ही नववीत सोडली. कायदा शिकलो तो लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून. परंतु या विषयाशी आमची गाठ पडली ती आमच्याच एका चुकीमुळे, आणि ती चूक कबूल केल्यावाचून पुढे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक जोडपे युनियनच्या कचेरीत आले. मुलगा यंत्रमागावर टॉवेल विणणारा; मुलगी गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करणारी. त्याच्या घरी दख्खनी बोलत, तिच्या घरी तेलुगू. एकमेकांशी दोघे बोलत ते मराठीत. आपल्या सोलापुरात यात नवल काही नाही. मुलगी बावीस वर्षांची, मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. म्हणाली, "काका, लग्न करायचे आहे, पण धर्म कोणीच बदलायचा नाही."

आम्ही त्यांना घेऊन एका कचेरीत गेलो. नोटीस दिली. मग खिडकीमागून फर्मान निघाले : मुलीच्या वडिलांचे संमतिपत्र आणा. ज्या आम्ही मालकांना "कोणत्या कलमाखाली?" असे शेकडो वेळा विचारले, त्या आम्हांला तेथे तो प्रश्न सुचला नाही. उलट आम्हीच तिच्या वडिलांकडे सही मागायला गेलो! दुसऱ्या दिवशी मुलीची रवानगी तेलंगणातल्या नातेवाइकांकडे झाली. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती नोटीस कायद्याने रद्द होते. तशी ती झाली.

त्यानंतर आम्ही कायदा मुळापासून वाचावयास घेतला. वडिलांची सही त्यात कोठे आहे, हे शोधीत गेलो. सही सापडली, पण ती १८७२ च्या कायद्यात! वधू किंवा वर यांपैकी ज्याचे वय एकवीस वर्षे पुरे नाही, त्याने पित्याची अथवा पालकाची संमती आणावी, असे त्यात लिहिले होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ते कलम नाही. मुलाला एकवीस आणि मुलीला अठरा वर्षे पुरी असली की संमती लागते ती त्या दोघांचीच. आणि आमची मुलगी तर बावीस वर्षांची. जुना कायदा असता तरी तिला सही लागली नसती. तात्पर्य, रद्द झालेला कायदा पुस्तकातून जातो, पण कचेरीच्या खिडकीत आणि आपल्या मनात तो ठाण मांडून बसतो.

या १८७२ च्या कायद्याचा इतिहास जाणण्यासारखा आहे. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांनी जुने विधी सोडून विवाह लावले; ते कायद्याला मान्य होतील की नाही, असा पेच पडला. त्यातून हा कायदा झाला. पण सनातनी मंडळींचा विरोध नको म्हणून सरकारने त्यात एक अट घातली. वधूवरांनी लिहून द्यावयाचे की, आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही. म्हणजे लग्नाच्या दारात पहिले पाऊल टाकायचे ते धर्म उंबरठ्याबाहेर ठेवून.

ज्यांना धर्म सोडायचा नव्हता, फक्त जातीबाहेर विवाह करायचा होता, त्यांनी काय करावे? १९१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने शूद्र पुरुष व ब्राह्मण स्त्री यांचा विवाह अवैध ठरवला. १९२२ साली त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष व शूद्र स्त्री यांचा विवाह वैध ठरवला. वर वरच्या वर्णाचा असला तर चालेल, वधू वरच्या वर्णाची असली तर चालणार नाही, असा तो शास्त्रार्थ होता.

कायदा बदलण्याचे यत्नही चालू होते. १९११ मध्ये भूपेंद्रनाथ बसू यांचे आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांचे विधेयक आले, दोन्ही बारगळली. पण जे कलकत्त्याला आणि दिल्लीला जमले नाही, ते कोल्हापूरने केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला.

पुढे १९२३ मध्ये, नागपूरला वकिली गाजवलेल्या डॉ. हरिसिंग गौर यांनी मूळ कायद्यात दुरुस्ती करून घेतली. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत विवाह करताना धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. पण सवलतीबरोबर दंडही आला. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून तुटला. त्याला दत्तक घेण्याचा हक्क उरला नाही. आणि तो एकुलता एक मुलगा असेल, तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा मिळाली! जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ करण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली.

आर्यसमाजी विवाहांना १९३७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. पुढल्याच वर्षी, हैदराबादच्या सत्याग्रहापूर्वी, आर्य परिषद याच सोलापुरात भरली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा विवाह झाला, तोही नोंदणी पद्धतीने, १८७२ च्याच सुधारलेल्या कायद्याखाली. देशाचे कायदेमंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, परंतु त्यांनाही दरवाजा तोच होता. जातीच्या कारणावरून हिंदूंचा विवाह अवैध ठरणार नाही, हा कायदा त्यानंतर, १९४९ साली झाला.

१९५४ च्या कायद्याने धर्म नाकारण्याची अट सर्वांसाठीच काढून टाकली. हे मोठे काम झाले. तथापि एका बाबतीत आपण मागे गेलो. परक्यांच्या कायद्यात नोटिशीची मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताच्या कायद्यात ती तीस दिवसांची झाली. ही नोटीस कचेरीत ठळक जागी लावली जाते. दोघांपैकी कोणी दुसऱ्या जिल्ह्यात कायमचे राहणारे असेल, तर तिची प्रत तिकडेही जाते. संपाची नोटीस आम्हीही देतो, पण ती मालकाला देतो; येथे ती साऱ्या जगाला द्यावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की, नोटीस जाहीर लावावी की नाही, हे त्या जोडप्याच्या इच्छेवर असावे. आमचेही मत तेच आहे.

परंतु नोटीस आहे तोवर तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आक्षेप घेता येतो तो चारच गोष्टींवर : पहिला पती वा पत्नी हयात असणे, संमती देण्यासारखी मनाची स्थिती नसणे, वय पुरे नसणे, आणि निषिद्ध नाते असणे. जात, धर्म, बापाचा राग, भावकीची अब्रू यांना त्या यादीत जागा नाही. आक्षेप आला तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा. निर्णय विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागते. आमच्या कामगारांना पगाराची चिठ्ठी वाचता येते. मग हे दोन कागद का वाचता येऊ नयेत?

ती मुलगी आठ महिन्यांनी आपल्या पायांनी परत आली. तिला कोणी आणले नाही. जिल्ह्यात तीस दिवस राहिल्याचा दाखला तिने स्वतः गोळा केला. नोटीस नव्याने दिली. खिडकीमागून पुन्हा वडिलांची सही मागितली गेली, तेव्हा तिनेच विचारले, "कोणत्या कलमाखाली?" खिडकीमागचा माणूस थोडा वेळ चाळत बसला आणि मग त्याने कागद ठेवून घेतले.

तीस दिवस आक्षेपाविना गेले. तीन साक्षीदार लागतात. तिसरी सही आमची होती. पतिपत्नी म्हणून स्वीकार करण्याचे शब्द दोघांना समजेल त्या भाषेत म्हणता येतात. ते त्यांनी मराठीत म्हटले.

वर्षभराने तिचे वडील युनियनच्या कचेरीत आले. त्यांच्या घरी आम्ही सही मागायला गेलो, त्यानंतर प्रथमच. चहा घेतला नाही. दाखल्याची प्रत मागून घेतली, चष्मा पुसून शिक्का पाहिला आणि एवढेच विचारले, "हा कागद पक्का आहे ना? उद्या तिला कोणी बाहेर काढणार नाही ना?"

आम्ही म्हटले, "पक्का आहे." आणि या वेळी कलम पाठ होते.