लष्कराबरोबरचा सुताराचा गाडा

(१) विषयाची मर्यादा

मोंगलांच्या व मराठ्यांच्या लष्करी इतिहासाची चर्चा करितांना तोफांची संख्या, त्यांचीं नांवें व त्यांवरील लेख यांकडे अभ्यासकांचें लक्ष साहजिकपणेंच जातें. तोफ धातूची असते. ती बुरुजावर किंवा वस्तुसंग्रहालयांत अद्यापि पाहावयास मिळते व तिच्यावरील लेखाचा ठसा घेतां येतो. परंतु तोफ चालते ती लांकडावर. ज्या गाड्यावर ती मजल दरमजल ओढली गेली तो गाडा बहुधा कुजून गेला. आणि तो वाटेंत मोडला असतां ज्या दुसऱ्या गाड्यांतून सुताराचीं हत्यारें, सुटीं चाकें व मुरलेलें लांकूड येई, त्याची तर कोणी विचारपूसहि करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या गाड्याचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लष्कराची चाल केवळ बैलांच्या संख्येवर अवलंबून नसते. दुरुस्तीची सामग्री बरोबर आहे, कीं ती वाटेवरील गांवांकडून घ्यावयाची आहे, यावरहि ती अवलंबून असते. आणि दुसऱ्या मार्गाचा भार अखेर रयतेच्या माथीं बसतो.

(२) प्राचीन उल्लेख

सैन्यापुढें सुतार पाठविण्याची चाल फार जुनी आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडांत, भरत रामाच्या भेटीस निघाला तेव्हां त्याच्या सैन्यासाठीं मार्ग करणाऱ्या कारागिरांची यादीच आली आहे. तींत खणणारे, यंत्रें जाणणारे, स्थपति, वर्धकि म्हणजे सुतार, आणि झाडें तोडणारे असे निरनिराळे वर्ग सांगितले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत स्कंधावाराची जागा आंखण्याचें काम नायक, वर्धकि व मौहूर्तिक या तिघांकडे दिलें आहे. तसेंच प्रशास्त्यानें वर्धकि व विष्टि यांस घेऊन सैन्याच्या पुढें जावें व पाण्याची सोय करावी, असें म्हटलें आहे. यंत्रें, आयुधें व उपकरणें वाहून नेणें हें विष्टीचें, म्हणजे वेठीच्या मजुरांचें, काम म्हणून त्याच अधिकरणांत गणिलें आहे. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कारागीर व त्याच्या सामानाचा वाहक हे दोन वेगळे मानिले असून, वाहकाचे श्रम वेठीचे आहेत. पुढील सर्व काळांत हा प्रश्न या ना त्या रूपानें उभा राहिलेला दिसतो.

(३) गाड्यांत काय व कां

सुताराचीं हत्यारें वजनानें फारशीं नसतात. वाकस, करवत, पटाशी, किंकरें, रंधा, सामता, गुण्या, खतावणी, हातोडी, अंबूर, कानस व ओळंबा एवढ्यांवर गांवचा सुतार आपलें बहुतेक काम उरकतो, आणि हा सर्व संच एका माणसाच्या खांद्यावरून जाऊं शकतो. मग गाडा कशास पाहिजे? तो पाहिजे लांकडासाठीं.

वाटेवर झाडें असतात, तीं तोडून काम भागेल, असें वरवर पाहणारास वाटतें. पण ओल्या लांकडाचें चाक वाळतांना आंखडतें, आरे तुंब्यांत ढिले होतात व लोखंडी धाव निसटते. यासाठीं बाभळीचें लांकूड पाण्यांत मुरवून मग सावलींत वाळविण्याची रीत आपल्याकडे आहे. आंसास धावडा, चाकास बाभूळ, इतर भागांस तिवस किंवा अंजन, अशी निवडहि ठरलेली असते. मोहिमेवर निघालेल्या सुतारास हें मुरविण्यास लागणारे महिने मिळणें शक्य नसतें. म्हणून मुरलेले आंस, आरे, परिघाचे तुकडे व शक्य तर तयार चाकें घरूनच न्यावीं लागतात. धाव चढवितांना ती तापवून चाकावर बसवावयाची व लागलीच पाणी ओतून आंवळावयाची असल्यामुळें सुताराच्या शेजारीं लोहाराचा भाता, ऐरण व कोळसा हेहि आलेच. सुतार व लोहार हे दोघे गांवगाड्यांत शेजारीं बसतात, त्याचें कारण या एका चाकांतहि दिसून येतें.

भरण्याची रीतहि कामावरून ठरते. दोन चाकांच्या गाड्यांत भार आंसावर तोललेला पाहिजे. पुढें अधिक झाल्यास गाडा धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येतो. मागें अधिक झाल्यास उलाळ होऊन जूं वर उचलतें व बैलांचे गळे आंवळले जातात. म्हणून ऐरण, सुटे आंस व धावांचें लोखंड मध्यें तळाशीं. लांब लांकडें दोन्ही बाजूंस सारखीं बाहेर येतील अशीं आडवीं न घालतां उभीं. आणि वाकस, करवत, वंगण, खिळी व दोर हें वाटेंतल्या मोडतोडीस लागणारें सामान सर्वांत वर, हाताशीं. ही मांडणी उलटी झाली, तर एक खीळ बसविण्यासाठीं सगळा गाडा रिकामा करावा लागेल, आणि अरुंद घाटांत एक गाडा थांबला म्हणजे मागील सर्व रांग थांबते.

(४) मोंगली काळ

बाबराच्या आत्मवृत्तांत या विषयाचीं दोन ठळक उदाहरणें आहेत. इ. स. १५२६ मध्यें पानिपतावर त्यानें सुमारें ७०० गाडे गोळा करून, ते कच्च्या कातड्याच्या दोरांनीं एकमेकांस जोडून, त्यांच्या आड बंदूकवाले उभे केले. पुढील वर्षीं खानव्याच्या लढाईपूर्वीं, जेथें गाडे पुरले नाहींत तेथें लांकडाच्या तिकाट्या करून त्यांना चाकें लावलीं व त्या दोरांनीं जोडल्या. या तयारीस २०-२५ दिवस लागल्याचें तो स्वतः सांगतो. छावणींत सुतारकाम चालू असल्याखेरीज हें घडणें शक्य नाहीं.

अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरींत सुतारांच्या पांच प्रती लाविल्या असून त्यांची रोजची मजुरी ७ दामांपासून २ दामांपर्यंत दिली आहे. त्याच ग्रंथांत लांकडाच्या ७२ जातींचें वजन नोंदलें आहे. ही नोंद इमारतीच्या प्रकरणाजवळची असली, तरी कोणतें लांकूड किती जड, हें ज्या राज्यांत तोलून लिहून ठेवीत, तेथें तें वाहून नेण्याचा हिशेबहि होत असला पाहिजे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

औरंगजेब काश्मिरास निघाला त्या प्रवासाच्या वर्णनांत बर्निये जड व हलका असे दोन तोफखाने सांगतो. जड तोफखान्यांत ७० तोफा असून त्यांपैकीं कित्येकींस बैलांच्या वीस वीस जोड्या लागत, व चढावर हत्ती मस्तकानें व सोंडेनें चाकें रेटीत. हलक्या तोफखान्यांतील लहान तोफा मात्र नीट बांधलेल्या व रंगविलेल्या गाड्यांवर होत्या. प्रत्येकीस दोन घोडे जोडलेले असून तिसरा बदलीसाठीं बरोबर चाले. जनावराची बदली जशी तयार ठेवावी लागते, तशीच चाकाचीहि.

(५) आज्ञापत्राची साक्ष

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१५, शके १६३७) या विषयास लागू असे दोन नियम आहेत. पहिला गडांविषयींचा. लोहार, सुतार, पाथरवट, चांभार इत्यादिकांच्या गड पाहून एक एक दोन दोन असाम्या संग्रहीं ठेवाव्या. त्यांचें काम रोज पडत नाहीं, म्हणून काम नसेल त्या वेळीं त्यांजकडून दुसरी चाकरी घ्यावी, रिकामें ठेवूं नये. दुसरा नियम आरमाराच्या लांकडासंबंधीं आहे. सागादि झाडें परवानगीनें तोडावीं. आंबे व फणस यांस मात्र रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलें असतें, यास्तव त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालेंच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, मग तोडावें.

हे दोन नियम एकत्र वाचले म्हणजे त्यांतील धोरण स्पष्ट होतें. कारागीर सरकारच्या पदरीं असावा व लांकूड सरकारनें रीतीनें मिळवावें. दोन्ही गोष्टी वेळेवर गांवकऱ्यांपासून ओढून घेऊं नयेत. ज्या लष्कराबरोबर सुताराचा भरलेला गाडा नाहीं, त्याचें चाक मोडलें असतां तें दुसरें काय करणार? जवळच्या गांवचा सुतार वेठीस धरणार, त्याच्या अंगणांत मुरत ठेविलेली बाभूळ उचलणार. तो सुतार बलुतेदार. पेरणीच्या तोंडावर तो चार दिवस गेला, तर गांवचे नांगर व पाभरी तितके दिवस अडून राहतात. इनामांच्या सनदांत ज्या बाबींची माफी देत, त्यांत वेठबेगारीचें नांव वरचेवर येतें, हें त्या जाचाचें पुरेसें गमक आहे.

(६) ठराविक मापाचें महत्त्व

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बाबतींत एक मोठा पालट झाला. फ्रान्समध्यें ग्रिबोव्हाल यानें इ. स. १७६५ पासून तोफगाड्यांचे भाग ठराविक मापाचे केले. त्यामुळें एका तोफेचें सुटें चाक दुसरीस बसूं लागलें. याचा सुताराच्या गाड्यावर काय परिणाम झाला, तें पाहावें. मापें निरनिराळीं असतील, तर प्रत्येक मोडीस नवें घडवावें लागतें, आणि गाडा कच्च्या लांकडांनीं भरावा लागतो. माप एक असेल, तर थोडीं तयार चाकें व आंस पुरतात. दिवसाचें काम घटकांत होतें.

महादजी शिंद्यांनीं डी बॉइन याजकडून जीं पलटणें तयार करविलीं, त्यांतील तोफखान्याबरोबर गोलंदाज, खलाशी, बेलदार व गाडीवान यांच्या जोडीस लोहार व सुतार हेहि नेमलेले असत. आग्र्यास त्यांचा तोफांचा कारखाना होता. इ. स. १८०३ मध्यें असईवर इंग्रजांच्या हातीं नव्वदांहून अधिक तोफा पडल्या, व त्यांतील पितळी तोफांचें काम वेलस्लीनेंहि नांवाजलें. सारांश, मराठ्यांस हा विषय अवगत नव्हता, असें म्हणणें बरोबर नाहीं. कंपनीनें इ. स. १८०१ मध्यें कलकत्त्याजवळ काशीपूर येथें तोफगाड्यांसाठींच कारखाना स्थापिला व पुढील वर्षीं तो चालू झाला. इंग्रजांनींहि गाड्याचें महत्त्व तोफेच्या बरोबरीचें मानिलें, हें यावरून दिसतें.

(७) उपसंहार

दप्तरें जमविणाऱ्यांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. रुमाल सोडतांना सनदा, शिक्क्यांचीं पत्रें व करीने यांस आपण आधीं हात घालतों. आंस, धावा, खिळे, वंगण, सुताराची मजुरी, बाभळीचीं लांकडें, अशा किरकोळ खर्चाच्या यादी मागें राहतात, व पुष्कळदां वाळवीच्या हवालीं होतात. एखाद्या मोहिमेंत लष्कर अमुक मुक्कामीं आठ दिवस कां थांबलें, याचें उत्तर खलित्यांत न सांपडतां अशाच यादींत सांपडण्याचा संभव आहे. आणि चाकाच्या लांकडाचे दाम कोणाच्या नांवें खर्चीं पडले, कीं पडलेच नाहींत, यावरून त्या राज्याचा न्यायहि पारखतां येईल. तरी असा कागद हातीं आल्यास तो फाटका म्हणून टाकूं नये. त्याची नक्कल करून ठेवावी.